बहामाचं स्थळ

"हस जरा," पमाताई दातांतल्या दातांत म्हणाली. "ते बघ, येतायत."

मी हसले. शून्याखालच्या थंडीत हसण्याची अडचण अशी, की एकदा हसू चेहऱ्यावर आलं की तिथेच गोठतं, मागे घेता येत नाही. पुढचा बराच वेळ मी तशीच उभी होते. 'मुलगी हसतमुख आहे' असं डॉ. श्रीनिवास टिपणिसांचं माझ्याबद्दल पहिलं मत झालं, ते यामुळे.

मुलगी म्हणजे मी, अरुंधती प्रधान. वय वर्षं एक्कावन्न.

न्यू जर्सीतल्या बेयोन बंदरात, ऐन जानेवारीत, बहामाला निघालेल्या एका अवाढव्य जहाजाच्या सगळ्यात वरच्या डेकवर आम्ही उभे होतो. आदल्या दिवशी बर्फ पडला होता. जहाजावरचे कामगार पोहण्याच्या तलावाभोवतीच्या आरामखुर्च्यांवरून तो फावड्यानं ओढून काढत होते. कोपऱ्यात फुलाफुलांचे शर्ट घातलेला बँड ऊन, वाळू आणि प्रेम या विषयांवरची गाणी वाजवत होता. शर्टांच्या आत स्वेटर होते, हे बाह्यांवरून कळत होतं. प्रवाशांच्या हातांत लोकरीचे मोजे, आणि त्या मोज्यांत कागदी छत्री खोचलेले सरबताचे पेले. छत्री कशाला ते मला कळेना. बर्फासाठी असावी.

या सहलीमागची कल्पना मला माझ्या मेहुण्यांनी, विद्याधर भाऊजींनी समजावून सांगितली होती. विमानानं बहामाला दुपारच्या जेवणाच्या आत पोचता येतं, पण त्यात मजा नाही. मजा जहाजात आहे. जहाज तुमच्या घराजवळून निघतं, पहिले दोन दिवस थंडीतून आणि वाऱ्यातून हेलकावे खात जातं, मग ऊन लागतं, तुम्ही पाण्यात पाय बुडवता, आणि पाय वाळायच्या आत ते परत थंडीकडे वळतं. याला हिवाळ्यातली सुट्टी म्हणतात. हजारो माणसं दरवर्षी घेतात.

पमाताईला मात्र जहाजाचा वेगळाच गुण दिसला होता. माझा नवरा अच्युत जाऊन चार वर्षं झाली होती, आणि गेलं वर्षभर माझी ही मोठी बहीण माझ्यासाठी स्थळं बघत होती. आधीच्या दोघांना मी चहा संपायच्या आत निरोप दिला होता. जहाजावरून उठून जाता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

खरं सांगायचं तर मी अगदीच नाखुशीनं गेले नव्हते. बॅगेत नवी निळी इरकल होती आणि उन्हाची एक मोठी टोपी होती, जी घालून मी घरच्या आरशात तीनदा बघितलं होतं. संध्याकाळी कामावरून आले की दार उघडताना मी अजून "आले रे" म्हणायची. उत्तर न येण्याचीही सवय होते म्हणतात. मला झाली नव्हती.

तर डॉक्टर आले. उंच, डोक्यावर भरपूर केस, कोटाला एक सुरकुती नाही. पेशानं भूलतज्ज्ञ. रोग्याची शुद्ध हरपेपर्यंत त्याच्याशी संथपणे बोलत राहायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय होती आणि ती हॉस्पिटलच्या दारात सुटत नव्हती. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला जहाजाचं वजन, लांबी आणि इंजिनाची ताकद सांगितली. विद्याधर भाऊजींचे डोळे मिटायला लागले होते.

डॉक्टर एक चाकांची खुर्ची ढकलत होते. खुर्चीत जांभळट सुती पातळ, वर पुरुषी जाड जॅकेट, आणि त्या सगळ्यात कुठेतरी आत एक बारीकशी म्हातारी.

"ही माई. माझी आई," डॉक्टर म्हणाले. मग वाकून तिच्या कानाशी ओरडले, "माई! या अरुंधती!"

माईंनी माझ्याकडे बघितलं. मी हसतच होते. त्या हसल्या नाहीत.

---

रात्रीच्या जेवणाला पाचजणांचं टेबल होतं. ताईनं मला डॉक्टरांच्या समोर बसवलं आणि सूप येण्याआधीच मुलाखत सुरू झाली.

"तुमची पाठ कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाठ?"

"पाठ, कंबर. पन्नाशीनंतर बायकांना त्रास सुरू होतो."

"बरी आहे."

"उत्तम. बर्फात गाडी चालवता?"

"चालवते."

"बिनमिठाचं जेवण जमतं?"

"खायला की करायला?"

ते मोठ्यानं हसले. हसणं छान होतं, हे कबूल करायला हवं. "दोन्ही," म्हणाले. टेबलाखाली ताईनं माझ्या पायावर पाय दाबला. तिच्या मते गाडी रुळावर होती.

माईंच्या पुढ्यात अख्खा मासा आला. मी मदतीला हात पुढे केला, तर डॉक्टर म्हणाले, "असू दे. मुरुडची आहे ती, मुरुड-जंजिऱ्याची. मासा तिला जमतो. बाकी काही जमत नाही आता. ऐकू तर अजिबातच येत नाही. सहा वर्षं झाली. मशीन आणून दिलं, लावत नाही. त्यामुळे आपण मोकळेपणानं बोलू शकतो."

आणि ते मोकळेपणानं बोलले. माई बाथरूममध्ये कशी पडली. तिच्यासाठी ठेवलेली बाई कशी गेली, तिच्या आधीची कशी गेली, त्याच्याही आधीची कशी रडत गेली. माई हट्टी कशी आहे. "मुरुडला पुतण्या आहे तिचा, बोलावतो. पण लोक काय म्हणतील? मुलगा अमेरिकेत डॉक्टर, आणि आईला दिली गावी पाठवून! वृद्धाश्रमाचंही तेच. मंजिरीला, म्हणजे माझ्या पहिल्या बायकोला, हे कधी कळलंच नाही. गेली निघून."

हे सगळं जिच्याबद्दल चाललं होतं, ती हाताभर अंतरावर बसून माशाचा काटा सलग, न तोडता, बाहेर काढत होती.

"तुम्ही हॉस्पिटलात ना?" डॉक्टरांनी मला विचारलं. "नर्सिंगला?"

"नाही. ऑडिओलॉजीत. लोकांचे कान तपासते."

माईंचा हात थांबला. क्षणभरच. मग काटा पुन्हा सरकायला लागला.

"असं होय," डॉक्टर म्हणाले. नर्स नाही म्हटल्यावर त्यांचा जरा विरस झाला होता, पण माणूस सभ्य. "मग माईचे कानही बघून टाका एकदा."

---

दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. 'जहाज किंचित हलण्याची शक्यता आहे' असं कप्तानानं ध्वनिक्षेपकावर गोड आवाजात सांगितलं, तेव्हा माझी बॅग खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आपणहून फिरत होती. पमाताई पलंगाला दोन्ही हातांनी धरून देवाचं नाव घेत होती, आणि ज्यांची ही सगळी कल्पना, ते विद्याधर भाऊजी बाथरूममधून बाहेर यायला तयार नव्हते. मला गंमत म्हणजे काहीच होत नव्हतं.

इतक्यात फोन वाजला. आवाज डॉक्टरांचा होता, पण फार खोलातून येत होता.

"माईला नाश्त्याला न्याल का? मी जरा... पडलोय. तेवढीच तुमची दोघींची ओळख होईल."

दुसऱ्याला झोपवणारा माणूस स्वतःच आडवा झाला होता. मी गेले. माई दारातच तयार उभ्या होत्या. मी खुर्ची उलगडायला लागले, तर त्यांनी हातानंच 'राहू दे' केलं आणि हलत्या जहाजावर पुढे निघाल्या. मी दोन्ही हातांनी कठडा धरून त्यांच्या मागे.

भोजनगृह जवळजवळ रिकामं होतं. आम्ही खिडकीपाशी बसलो. बाहेर काळं पाणी वर येत होतं आणि खाली जात होतं. माईंनी दोन उकडलेली अंडी सोलली, त्यांवर भरपूर मीठ घातलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"तू खरंच कान तपासतेस?"

मी मान जोरजोरात हलवली.

"मान नको एवढी हलवूस, निखळेल. तोंडानं बोल. ऐकू येतं मला."

मला शंका आलीच होती, तरी हातातला कप मी खाली ठेवला.

"किती ऐकू येतं?"

"काल लिफ्टमधून बाहेर पडताना तुझी बहीण नवऱ्याला म्हणाली, म्हातारी काय फार दिवस काढायची नाही. तेवढं येतं."

"मग ही सहा वर्षं?"

"सुखात गेली," माई म्हणाल्या. "बहिऱ्या माणसाला कोणी सल्ला देत नाही. 'माई, हे खाऊ नकोस, माई, इथे बसू नकोस', सगळं बंद झालं. ओरडून सल्ला द्यायला घसा लागतो. आता तुला तपासायला सांगितलंय म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं." त्यांनी अंड्याचा घास घेतला. "आणि दुसरं. तो तुला विचारणार आहे. समुद्रात पाय बुडवून विचारणार. फोनवर मित्राला सांगत होता. तू नाही म्हण."

मला राग आला. खरंच आला. मी त्या टोपीचा विचार करत होते.

"का? काय वाईट आहे तुमच्या मुलात?"

"काही नाही. चांगला आहे, म्हणून तर सांगावं लागतंय. वाईट असता तर तुझं तुलाच कळलं असतं." त्यांनी हात पुसले. "हे बघ, मला मुरुडला जायचंय. मला सांभाळायला ठेवलेल्या तीन बायका घालवल्या मी त्यासाठी. चौथी त्याला मिळेना, तेव्हा तुझ्या बहिणीनं तुझं नाव काढलं. तू हो म्हणालीस की मी कायमची इथे. तू नाही म्हणालीस की त्याच्याकडे मला पाठवण्याशिवाय दुसरं काही उरत नाही."

"म्हणजे तुमच्या सोयीसाठी मी नाही म्हणायचं?"

माई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंय तुम्ही."

"नाही गं," त्या म्हणाल्या आणि मिठाची बाटली पुन्हा उचलली. "वारा किती आहे बघ."

दिवसभर मी त्यावर धुमसत होते. मुलाच्या संसारात खोडा घालणाऱ्या आया मी पाहिल्या होत्या. फक्त त्या इतक्या सरळ बोलत नसत. या बाईचा स्वार्थ उघड होता. तिनं मुलाबद्दल सांगितलेलं का खरं मानायचं? शिवाय मुलगा आईला सांभाळतो हा काही गुन्हा नव्हे. किती जण सांभाळतात? मी स्वतःशी डॉक्टरांची बाजू मांडत राहिले, आणि जेवढी मांडली तेवढे ते मला आवडायला लागले. माणसाची वकिली घेतली की असंच होतं.

---

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि जहाजावर चमत्कार झाला. काल ज्यांनी समुद्राला शिव्या घातल्या होत्या, तीच माणसं अंगाला तेल चोपडून त्याच्याकडे कौतुकानं बघत पडली. बँडनं स्वेटर काढले. पमाताई गॉगल लावून बाहेर आली आणि म्हणाली, "कसा छान झाला नाही प्रवास?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी बहामात, नासाऊला उतरलो. पांढरी वाळू, माडांची रांग, आणि पाणी निळं नव्हे, हिरवं नव्हे, मधलंच काहीतरी. छत्रीखाली खुर्चीत बसलेल्या माईंनी ते एकदा बघितलं.

"हे बघायला आलो?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्याकडे दारातच आहे."

"काय म्हणते माई?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवडलं म्हणतायत," मी सांगितलं.

मग ताईनं भाऊजींना नारळपाणी आणायला पिटाळलं, स्वतः माईंशेजारी वाचत नसलेलं पुस्तक उघडून बसली, आणि डॉक्टर मला म्हणाले, "चला, पाण्यात जरा पाय बुडवू."

गेलो. गुडघाभर पाणी. मी साडी वर खोचलेली, डोक्यावर ती टोपी. पाणी खरोखरच कोमट होतं, अंघोळीच्या बादलीत हात घालून बघतो आणि बरं वाटतं, तसं. त्या पाण्याबद्दल वाकडं बोलायला मला काहीही सापडेना.

डॉक्टरही वेगळे वाटले. पायजम्याचे पाय दुमडलेले, पोटऱ्या पांढऱ्याफटक. ते थोडे अडखळत बोलले, आणि त्यांना अडखळताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"अरुंधती, मला फार काही लागत नाही. संध्याकाळी घरी आलो की आत दिवा लागलेला असावा. कोणीतरी असावं. एवढंच. तुम्हालाही तसंच वाटत असणार, असं मला वाटतं."

आत लागलेला दिवा. हे मी कोणाला, अगदी ताईलाही, बोलले नव्हते. माईंनी सांगितलेलं सगळं मला त्या पाण्यात सोडून द्यावंसं वाटलं. 'हो' जिभेवर आलं होतं. पण कान तपासणारीची एक वाईट खोड असते: माणूस ठीक दिसत असला, तरी एक शेवटचा सूर वाजवून बघायचा.

"एक विचारू?" मी म्हटलं. "माई इथे नसत्या, मुरुडला असत्या, तर विचारलं असतंत मला?"

डॉक्टरांनी खरंच विचार केला. त्याबद्दल मी आजही त्यांना मानते. दुसरा कोणी असता तर चटकन 'म्हणजे काय!' म्हणून मोकळा झाला असता. ते क्षितिजाकडे बघत राहिले. लाट येऊन गेली.

"मग..." ते म्हणाले, "मग लग्न कशाला करायचं मी? एकट्या माणसाला काय लागतं?"

त्यात दुष्टपणा काही नव्हता. इथे दुखतं का, असं विचारल्यावर माणूस 'नाही' म्हणतो, तसं ते म्हणाले. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे म्हणाले, "का? काय झालं?"

"काही नाही. रात्री जेवताना सांगते."

परत येताना पाणी तेवढंच कोमट होतं. माई छत्रीखालून माझ्याकडे बघत होत्या. मी नजर टाळली. त्यांचं खरं ठरल्याचा मला त्या क्षणी इतका राग आला होता, की केवळ त्यांना धडा शिकवायला हो म्हणावं, असंही मनात येऊन गेलं.

---

त्या रात्री जहाजावर नटूनथटून जेवायची पद्धत होती. पुरुष बो लावून श्वास रोखून बसले होते. मी निळी इरकल नेसले. ताईनं माझ्याकडे बघून डोळे पुसले. तिला वाटलं, ठरलं.

सूप संपल्यावर मी सांगितलं. घोळवून सांगायचा विचार होता, पण डॉक्टरांनी चमचा खाली ठेवून इतक्या शांतपणे माझ्याकडे बघितलं की सरळच बोलले.

"डॉक्टर, तुम्ही चांगले आहात. पण मी नाही म्हणतेय."

"अरू!" पमाताई किंचाळली. शेजारच्या टेबलानं वळून बघितलं.

"कारण कळेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला माईंसाठी माणूस हवंय. ते मिळेलही. पण मला असं वाटत होतं की मला कोणीतरी विचारतंय."

"तिचं काय ऐकता!" ताई डॉक्टरांना म्हणाली. "चार वर्षं एकटी राहून डोकं फिरलंय तिचं. सकाळपर्यंत वळवते मी."

डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं. चेहरा पडला होता. दुखावलेला माणूस आवाज चढवतो. ते आणखी संथ झाले.

"ठीक आहे. मग मला आता वृद्धाश्रमाचंच बघायला हवं. लोक बोलतील, बोलोत. दुसरं काय करणार? नाहीतरी माईला काय कळणार आहे, कुठे ठेवलंय ते."

"कळेल," माई म्हणाल्या.

पाच माणसांच्या टेबलावर चार माना त्यांच्याकडे वळल्या.

"मला कळेल, श्रीनू," माई पुन्हा म्हणाल्या, नेहमीच्या साध्या आवाजात. "तिथला पंखा कुरकुरतो की नाही, तेसुद्धा कळेल. ऐकू येतं मला. पहिल्यापासून येतंय."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. ते आठवत होते, हे दिसत होतं. सहा वर्षं. जेवणाच्या टेबलावरचे फोन, गाडीतली बोलणी, मित्रांपुढचे सुस्कारे. ज्या ज्या वेळी ती शेजारी बसून भाजी निवडत होती, ती प्रत्येक वेळ.

"काय... काय काय ऐकलंस?"

नेमके त्याच वेळी दिवे मंद झाले. टाळ्या वाजवत, रुमाल फिरवत सात-आठ वेटर आमच्या टेबलाकडे आले. पुढच्याच्या हातात केक होता, त्यावर मेणबत्ती. पमाताईनं सकाळीच सांगून ठेवला होता. सगळ्यांनी आमच्याभोवती कोंडाळं करून अभिनंदनाचं गाणं म्हटलं. त्याला बरीच कडवी होती. एकानं डॉक्टरांच्या डोक्यावर चकाकती टोपी ठेवली, दुसऱ्यानं माझ्यावर पाकळ्या टाकल्या. आजूबाजूच्या टेबलांनी उठून टाळ्या वाजवल्या. विद्याधर भाऊजी भांबावून स्वतःही टाळ्या वाजवायला लागले, मग ताईनं बघितल्यावर थांबले.

ते गेले. केक मध्ये राहिला. डॉक्टरांना डोक्यावरची टोपी काढायची शुद्ध नव्हती. ते आईकडेच बघत होते.

"काय काय ऐकलंस, माई?"

माईंनी हात लांब करून त्यांची टोपी काढली आणि खाली ठेवली.

"सगळं," त्या म्हणाल्या. "तू अंघोळ करताना गातोस, तेही. छान गातोस. मंजिरी गेल्यावर गॅरेजमध्ये गाडीत बसून रडायचास, तेही ऐकलं. मला वाटायचं जावं, जवळ घ्यावं. पण बहिरी ना मी, कशी येणार? तेवढं एक चुकलं माझं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, आवाजही हलू दिला नाही. "मला घरी पाठव, श्रीनू. मी तुला तिथून हाक मारीन, ती तुला जास्त ऐकू येईल. इथे मी तुझं काम झालेय रे."

डॉक्टर उठले आणि निघून गेले. पमाताई माझ्याकडे असं बघत होती, जणू समुद्रही मीच खवळवला होता. माईंनी केकची सुरी उचलली.

"कापा आता," म्हणाल्या. "वाया कशाला घालवायचा?"

---

परतीच्या वाटेवर थंडी हळूहळू परत आली. डॉक्टर फारसे दिसले नाहीत. एकदा मात्र मी त्यांना काचेमागून बघितलं: मिटून ठेवलेल्या आरामखुर्च्यांमध्ये, वाऱ्यात, ते माईंशेजारी बसले होते. कोण बोलत होतं ते कळत नव्हतं. पण कोणी ओरडत नव्हतं.

त्या उन्हाळ्याआधीच माई मुरुडला गेल्या. डॉक्टर स्वतः सोडायला गेले. लोक काय म्हणतील ते लोक म्हणाले, दोन महिने म्हणाले, मग त्यांना दुसरा विषय मिळाला. पमाताई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. बोलायला लागली ती "आता तरी त्यांना फोन कर" अशी सुरुवात करून. मी केला नाही. लग्न आमचं तेव्हा झालं नाही, नंतरही झालं नाही. ताईला अजून वाटतं, त्या जहाजावर मी आयुष्याचं वाटोळं करून घेतलं. वाटोळं घेऊन मी गेली तेरा वर्षं बरी आहे.

पण एक सांगायचं राहिलं.

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, रविवारी सकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. रात्रभर बर्फ पडला होता. दारात डॉक्टर टिपणीस उभे, घरातल्या चपलांवर.

"माई गेली," ते म्हणाले. "पुतण्याचा फोन आला. झोपेत गेली." थोडं थांबून म्हणाले, "कोणाला सांगायचं ते कळेना. गाडी काढली आणि इथे आलो."

मी त्यांना आत घेतलं. चपला भिजल्या होत्या, अच्युतचे लोकरी मोजे काढून दिले. चहा केला. ते चहा न पिता कप हातात धरून बसले. माईंबद्दल बोलतील असं मला वाटलं. आजार, विमानं, तिकिटं यांची संथ माहिती देतील, असंही वाटलं. ते पायातल्या मोज्यांकडे बघत राहिले. मग विचारलं,

"हे अच्युतचे का?"

"हो."

"कसे होते ते?"

अच्युत जाऊन सहा वर्षं झाली होती. तो कसा गेला, ते मला शंभर जणांनी विचारलं होतं. आता माझं कसं चाललंय, तेही विचारलं होतं. तो कसा होता, हे कोणीही, एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमचं विमान कधी आहे?" मी म्हटलं.

"संध्याकाळी."

"मग वेळ आहे," मी म्हटलं, समोरची खुर्ची ओढून बसले, आणि सांगायला लागले.